हिमालयात सीमेची रेघ नेमकी कुठून जाते आणि ती ठरत का नाही

चीन सीमेची कुठलीही बातमी काढा, त्यात एक वाक्य असतंच, "एलएसीबद्दल (म्हणजे दोन्ही फौजांच्या मधली प्रत्यक्ष नियंत्रण रेषा) दोन्ही बाजूंच्या धारणा वेगवेगळ्या आहेत." २०२० ला लडाखमध्ये गलवानची झटापट झाली तेव्हा ऐकलं, डिसेंबर २०२२ ला तवांगजवळ यांगत्सेला झटापट झाली तेव्हा ऐकलं. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले आणि सीमेचा जो भाग लवकर ठरवता येईल तो शोधायला एक तज्ज्ञ गट नेमायचं ठरलं, म्हणजे आता पुन्हा तोच विषय. आणि बातमी बघता बघता घरातलं कोणीतरी विचारतंच की धारणा कसली डोंबलाची, डोंगर डोळ्यांना दिसतोय ना, अलीकडचं आपलं, पलीकडचं त्यांचं, सत्तर वर्षं काय चर्चा करताय?

प्रश्न बरोबर आहे. पण गोची अशी आहे की हिमालयात डोंगर एक रेघ देतच नाही, तीन-चार देतो. सगळ्यात उंच शिखरांची एक, पाणी जिथे वाटलं जातं ती दुसरी, जुन्या नकाशावर काढलेली तिसरी आणि प्रत्यक्ष सैनिक जिथपर्यंत जातात ती चौथी. बऱ्याच ठिकाणी या रेघा एकमेकींवर बसतात आणि तिथे फारशी बातमी होत नाही. जिथे फाकतात तिथली नावं मात्र आपल्याला पाठ झालीयेत.

आधी सह्याद्री बघू

महाबळेश्वरला पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेच्या उतारावर पडलेलं पाणी कृष्णेत जातं आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि पश्चिमेच्या कड्यावरून पडलेलं सावित्रीत जाऊन कोकणातून अरबी समुद्रात. हे पाणी जिथे दोन बाजूंना वाटलं जातं त्या धारेला भूगोलात जलविभाजक म्हणतात. आपल्याकडे बोलताना घाटमाथा म्हणतो तो जवळपास हाच. रायगड आणि पुणे जिल्ह्यांची हद्दही बऱ्याच ठिकाणी या घाटमाथ्यानेच जाते आणि त्यावरून कोणी डोकी फोडत नाही, कारण सह्याद्रीत डोंगराची वरची कड आणि पाणी वाटण्याची जागा साधारण एकच आहे. वर उभं राहिलं की खाली कोकण, मागे देश, विषय संपला.

इंग्रजांनाही डोंगरातल्या सीमेसाठी हे तत्त्व फार सोयीचं वाटलं, आणि त्यात अर्थ होता. नदीचं पात्र बदलतं, झाडं तुटतात, दगड कोणी हलवतं, पण पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे कोणालाही बघून ठरवता येतं, त्याला ना सर्व्हेअर लागतो ना वकील.

मग हिमालयात हे का फसतं?

कारण हिमालयातल्या कित्येक नद्या हिमालयापेक्षा जुन्या आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्या तिबेटच्या बाजूला उगम पावतात. खालून जमीन उचलली जात होती तेव्हा त्या वाहतच होत्या. डोंगर हळूहळू वर येत गेला आणि नदी त्याच जागी खाली खाली कापत गेली, त्यामुळे आज त्या जगातल्या सगळ्यात उंच रांगेला आरपार भोक पाडून दक्षिणेला उतरतात. म्हणजे पाणी वाटलं जातं ती धार सगळ्यात उंच शिखरांच्या रांगेवर नाहीच, कित्येक ठिकाणी ती त्या रांगेच्या मागे, उत्तरेला, तिबेटच्या पठारावर कुठेतरी आहे, आणि तिथे ती दिसायला एवढी साधी असते की चालताना आपण ओलांडली हे कळणारही नाही.

याचं भारी उदाहरण एव्हरेस्ट आहे. समजा तुम्ही माथ्यावर उभे आहात आणि पाण्याची एक बाटली नेपाळच्या बाजूला ओतली, एक तिबेटच्या बाजूला (तिथे ती गोठूनच जाईल, पण समजा). नेपाळच्या बाजूचं पाणी खुंबू हिमनदीतून दूधकोशीत येईल, पुढे सुनकोशीत. तिबेटच्या बाजूचं रोंगबुक हिमनदीतून खाली जाईल, आधी उत्तरेला, मग पूर्वेला वळून अरुण नदीत, आणि ही अरुण काय करते तर मकालू आणि कांचनजंगा यांच्या मधून हिमालय कापून दक्षिणेला नेपाळात उतरते आणि सुनकोशीलाच जाऊन भेटते. म्हणजे दोन्ही बाटल्यांचं पाणी शेवटी बिहारात कोसीमध्ये! जगातलं सगळ्यात उंच शिखर, पण दोन खोऱ्यांचं पाणी वेगळं करायच्या कामाचं नाही.

नेपाळ आणि चीनने १९६१ च्या करारात तिथे पाणी बाजूला ठेवलं आणि रेघ सरळ एव्हरेस्टच्या माथ्यावरून नेली. दोघांना चाललं, त्यामुळे भांडण नाही. नियम कुठलाही एक धरा आणि दोघांनी धरा, एवढंच लागतं. आपल्याकडे घोडं तिथेच अडतं.

१९१४ ची जाड रेघ

अरुणाचलच्या वरची सीमा म्हणजे मॅकमोहन रेषा. ब्रिटिश अधिकारी हेन्री मॅकमोहन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोंचेन शात्रा यांनी मार्च १९१४ मध्ये ती नकाशावर काढून मान्य केली. चीनचा प्रतिनिधी तेव्हा चालू असलेल्या सिमला परिषदेला होता पण या रेघेच्या व्यवहारात नव्हता, आणि तिबेटला स्वतंत्रपणे असा करार करायचा अधिकारच नव्हता असं चीन आजही म्हणतो. तो राजकारणाचा भाग झाला, आपण भूगोल बघू.

रेघ साधारण ८९० किलोमीटरची. नकाशाचं प्रमाण होतं एक इंचाला आठ मैल. आता हिशोब करा, त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. जाडसर निबाने रेघ ओढली की नुसत्या शाईखालीच डोंगराची एक अख्खी धार झाकली जाते. बरं, नकाशा तरी कशावरून केला, तर बेली आणि मोर्सहेड या दोन अधिकाऱ्यांनी १९१३ मध्ये पायी फिरून केलेली पाहणी आणि आणखी अशीच थोडीफार माहिती. त्यांनी काम अफाट केलं, त्यात शंका नाही, पण दोन माणसं एका मोसमात किती दऱ्या बघणार?

शिवाय मॅकमोहननेही पाण्याचा नियम सगळीकडे पाळला नाही. सुबनसिरीच्या खोऱ्यात त्सारी नावाची तिबेटी लोकांची पवित्र यात्रा होती, तिच्या वाटेवरचं मिग्यितुन गाव त्याने तिबेटकडे ठेवलं. लोकांच्या श्रद्धेसाठी रेघ वाकवली हे मला तरी शहाणपणाचं वाटतं. पण मग पुढे कोणी "नियम फक्त पाणलोटाचा" म्हणायला लागलं की समोरचा हे उदाहरण काढणारच.

थागला: कागद एक सांगतो, डोंगर दुसरं

आता तवांगच्या पश्चिमेला, भूतानला लागून असलेल्या कोपऱ्यात या. इथे नाम्का चू नावाची नदी आहे. तिच्या उत्तरेला थागला नावाची धार, दक्षिणेला हाथुंगला नावाची दुसरी. (चू म्हणजे पाणी किंवा नदी, ला म्हणजे खिंड, ही दोन अक्षरं माहीत असली की या भागातली निम्मी नावं सोपी होतात.) पाणी वाटणारी मोठी धार थागलाची. पण १९१४ च्या नकाशावरची रेघ जशीच्या तशी अक्षांश मोजून जमिनीवर उतरवली तर ती थागलाच्या काही किलोमीटर दक्षिणेला पडते.

भारताचं म्हणणं, रेघ काढणाऱ्यांचा हेतू धारेवरून जाण्याचा होता, तेव्हा त्यांच्याकडे नीट नकाशे नव्हते म्हणून ती खाली पडली, आता खरी धार कळली आहे तर सीमा तीच. चीनचं म्हणणं, नकाशात जिथे आहे तिथे आहे. आता गंमत अशी की चीन ती रेषा मुळात मानतच नाही, पण वादात मात्र तिच्याच अक्षांशांवर बोट ठेवत होता.

जून १९६२ मध्ये भारताने नाम्का चूच्या काठावर चौकी उभी केली, तिचं नाव ढोला. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक थागलावरून खाली उतरले. २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं आणि पूर्वेतला पहिला मोठा घाव याच नदीकाठी बसला. जागा कशी होती बघा, आपले जवान अरुंद दरीच्या तळाशी, समोरची सगळी उंची त्यांच्याकडे. युद्धाची कारणं बरीच होती, तिबेट, लडाखच्या पूर्वेचं अक्साई चीन, दिल्ली आणि बीजिंगचे हिशोब. पण ठिणगी पडायला नकाशा आणि डोंगर यांच्यातली एवढीशी फट पुरली.

डोकलाममध्ये उलटं की सुलटं?

डोकलाम म्हणजे सिक्कीम, भूतान आणि तिबेट जिथे मिळतात तिथलं पठार. इथला कागद म्हणजे १८९० चा करार, ब्रिटिश आणि चीन यांच्यातला, सिक्कीम-तिबेट सीमेबद्दल. त्यात दोन गोष्टी लिहिल्यात. एक, सीमा म्हणजे तीस्तेचं पाणी आणि तिबेटच्या बाजूचं पाणी वेगळं करणारी धार. दोन, ती भूतानच्या हद्दीवर गिपमोची नावाच्या डोंगरापासून सुरू होते. लिहिणाऱ्याला वाटलं दोन्ही एकच. पण पाणी वाटणारी धार जाऊन भिडते बटांगला या खिंडीपाशी, आणि गिपमोची तिथून काही किलोमीटर दक्षिणेला आहे.

म्हणून भारत आणि भूतान म्हणतात तिठा, म्हणजे तिन्ही देशांच्या सीमा मिळतात ती जागा, बटांगलाला, चीन म्हणतो गिपमोचीला. मधल्या जागेचं महत्त्व एवढंच की तिथून पुढची जांफेरी धार हाती आली तर खाली ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारा सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा टप्प्यात येतो. २०१७ मध्ये चीनने तिकडे रस्ता न्यायला घेतला, भारतीय जवान आडवे उभे राहिले आणि ७३ दिवस कोणी हललं नाही.

म्हणजे थागलाला आणि डोकलामला दोन्हीकडे भारत पाण्याच्या धारेचा आधार घेतो आणि चीन कागदावरच्या खुणेचा. मग भारत नेहमी पाण्याच्या बाजूने का? तसंही नाही. लडाखला चला.

लडाखमध्ये पाणी समुद्रालाच जात नाही

अक्साई चीन म्हणजे साधारण ३८,००० चौरस किलोमीटरचं, जवळपास पाच हजार मीटर उंचीचं ओसाड पठार. इथलं बरंच पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही, पठारावरच्या खाऱ्या तळ्यांमध्ये जाऊन आटतं. गलवान आणि चिपचॅप नद्या पश्चिमेला वाहत श्योक नदीला मिळतात, म्हणजे सिंधूचं पाणी. काराकाश उत्तरेला खोतानकडे जाते. आणि मध्ये हा सगळा खाऱ्या तळ्यांचा पट्टा, ना इकडचा ना तिकडचा. इथे घाटमाथा शोधायला गेलं तर दोन सापडतात, पश्चिमेला काराकोरम आणि उत्तरेला कुनलुन.

इंग्रजांनीही दोन्ही करून बघितलं. १८६५ मध्ये जॉन्सन नावाच्या सर्व्हेअरने सीमा पार कुनलुनपर्यंत दाखवली. १८९९ मध्ये चीनला एक प्रस्ताव दिला गेला ज्यात अक्साई चीनचा मोठा भाग चीनकडे जात होता, त्याला चीनने उत्तरच दिलं नाही. स्वतंत्र भारताने कुनलुनपर्यंतची सीमा धरली, चीन काराकोरमची धार सांगतो. म्हणजे इथे डोंगराच्या अलीकडच्या धारेची भाषा चीनच्या तोंडी! चीनने तर १९५७ पर्यंत या पठारावरून शिनजियांग-तिबेट रस्ता बांधूनही काढला. दोन्ही देश आपल्याला जिथे सोयीचा तो नियम तिथे काढतात, हे कोणाला आवडो न आवडो.

"खांब रोवा, कुंपण घाला, विषय संपवा"

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. पण सीमेची कामं दोन असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिलं सीमानिश्चिती, म्हणजे रेघ कुठून जाते हे कागदावर आणि नकाशावर दोघांनी मान्य करणं. दुसरं सीमांकन, म्हणजे त्या मान्य रेघेवर जाऊन खांब रोवणं. गावाकडे दोन भावांच्या शेताचा बांध घ्या. मोजणीवाला येतो, साखळी धरतो, हद्दीचे दगड रोवतो, पण वाटणीचा कागद दोघांनी मानलेला असेल तरच. कागदावरच भांडण असेल तर त्याने रोवलेला दगड रात्रीत उपटला जातो आणि वर पोलीस केस होते ती वेगळीच.

भारत-चीनमध्ये अजून पहिलंच काम झालेलं नाही. एलएसी म्हणजे प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, ही सीमा नाही, कोणाचा ताबा कुठपर्यंत आहे एवढंच ती सांगते, आणि तीही नकाशावर एकत्र काढलेली नाही. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर सांगतो, चीन साधारण २,०००. १९९३ च्या करारात तिचा मान ठेवायचं ठरलं, पण ती कुठे आहे ते लिहिलं नाही. नोव्हेंबर २००० मध्ये सीमेच्या मधल्या भागाचे, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडचे, नकाशे एकमेकांना दिले गेले. २००२ मध्ये लडाखचे नकाशे काढले तेव्हा गाडी अडली ती अडलीच.

आणि अर्धवट कागदाचा नमुना बघायचा तर सियाचीन. १९४९ च्या भारत-पाक करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ नावाच्या बिंदूपर्यंत आणली आणि पुढे लिहिलं की "तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत". वर कोण जाणार आहे असं वाटलं असावं. एप्रिल १९८४ मध्ये दोन्ही देश वर गेले.

"आता तर सॅटेलाइट आहेत"

आहेत, आणि मीटरभर अचूक फोटो देतात. पण सॅटेलाइट धार कुठे आहे ते सांगतो, ती कोणाची ते नाही. लडाखमधल्या पॅंगाँग तलावाचं उदाहरण घ्या. तलावाच्या उत्तर काठावर डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरतात, ट्रेकिंग करणारे लगेच ओळखतील. फौजेने त्यांना फिंगर १ ते ८ असे नंबर दिले. या सोंडा फोटोत स्वच्छ दिसतात, त्यांच्या जागेबद्दल कोणाचंही दुमत नाही. पण भारत म्हणतो एलएसी फिंगर ८ वर, चीन म्हणतो फिंगर ४ च्या आसपास, मध्ये साधारण आठ किलोमीटर. आपले जवान तिथे पायी गस्त घालत होते, चीनने त्याच पट्ट्यात गाडीरस्ता आणून ठेवला होता. मे २०२० ला तिथे जुंपली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघंही मागे सरकले, तेव्हापासून मधल्या भागात गस्तच बंद.

"जिथे काही उगवत नाही तिथे एवढा खर्च कशाला?"

अक्साई चीनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही, असं नेहरू संसदेत म्हणाले होते, ते अजून त्यांना ऐकवलं जातं. अक्साई चीन खरंच ओसाड आहे, पण सगळी सीमा तशी नाही. लडाखमध्ये चुशूल, देमचोकच्या बाजूला चांगपा नावाचे मेंढपाळ लोक पश्मिन्याच्या शेळ्या घेऊन हिवाळ्यात ठराविक कुरणांवर जातात, आणि आपला माणूस दर वर्षी इथे येतो हा हक्काचा मोठा पुरावा असतो. चराई थांबली की तो पुरावाही पातळ होतो.

दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंचा डोंगर सारखा नाही. तिबेट म्हणजे उंच पण बऱ्यापैकी सपाट पठार, कोरडं, तिथून रस्ता धारेपर्यंत आणणं तुलनेने सोपं. आपल्या बाजूला खोल घळी, दरडी आणि पूर्वेला तर भयानक पाऊस, एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर कित्येकदा आधी मैदानात उतरून परत चढावं लागतं. म्हणून लडाखमधला दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता किंवा मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला तवांगकडचा सेला बोगदा एवढा मोठा विषय होतो.

"बंदुका असून दगड-काठ्यांनी का लढतात?"

१९९६ च्या करारात एलएसीपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं ठरलंय. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले ते या नियमाच्या चौकटीत, गोळी न चालता. नियम कशासाठी केला आणि त्याचं काय झालं, यावर वेगळा लेख होईल.

मग हा तज्ज्ञ गट काय करणार?

२१ ऑक्टोबर २०२४ ला लडाखमधल्या देपसांग आणि देमचोक इथल्या गस्तीबद्दल समझोता झाल्याचं जाहीर झालं, पण ती गस्तीची व्यवस्था आहे, सीमा ठरलेली नाही. नव्या गटाने शोधायचंय ते असं की जिथे या तीन-चार रेघा एकमेकींवर बसतात असा एखादा तुकडा आधी कायमचा ठरवून टाकता येईल का. त्या हिशोबाने सिक्कीमचं नाव पहिलं निघतं, कारण तिथे १८९० चा कागद आहे, त्यात धार कुठली ते लिहिलंय आणि बहुतेक लांबीत जमिनीवरही ती तशीच सापडते. मला तरी काही हाती लागलं तर इथेच लागेल असं वाटतं, लडाखमध्ये नाही.

पण सिक्कीमच्या रेघेचं एक टोक डोकलामच्या तिठ्यावर येऊन थांबतं. तिठा ठरवायचा तर तिसऱ्या देशाला सोबत घेऊनच, असं २०१२ मध्ये ठरल्याचं भारत सांगतो. आणि त्या तिसऱ्या देशाची, म्हणजे भूतानची, चीनशी सीमेची बोलणी १९८४ पासून वेगळीच चालू आहेत, ज्यात भारत बसत नाही.